अर्ध्यावर राहिलेली गाठ : ब्यूक्सच्या कातळावरील १९८९ च्या अपघाताचा अभ्यास

९ मे १९८९ रोजी दक्षिण फ्रान्समधील ब्यूक्स येथील चुनखडीच्या कातळावर अमेरिकी प्रस्तरारोहक लिन हिल यांनी दिवसाच्या सुरुवातीला, अंग मोकळे करण्यासाठी म्हणून, आपल्या आवाक्यातला एक मार्ग निवडला. त्या माथ्यापर्यंत चढल्या, खाली उतरवून घेण्यासाठी नेहमीप्रमाणे मागे रेलल्या आणि दोरावर भार टाकला. दोराने तो भार घेतलाच नाही. दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या साजातून, ओवलेला होता, पण त्याला गाठ मारायची राहून गेली होती. दोराचे टोक पट्ट्यांमधून सुटून गेले आणि हिल सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून खाली कोसळल्या. वाटेत एका झाडाच्या फांद्यांवर आपटून मग त्या जमिनीवर आल्या. त्या बेशुद्ध झाल्या, त्यांच्या डाव्या कोपराचा सांधा निखळला आणि पावलाचे एक हाड मोडले. इतक्या उंचीवरून पडूनही जीव वाचला, याचे श्रेय बव्हंशी त्या झाडाला द्यावे लागते.

प्रस्तरारोहणाच्या प्रशिक्षणात गाठ विसरल्याच्या गोष्टी नवख्यांना सांगितल्या जातात आणि ऐकणारा त्या नवख्यांच्याच गोष्टी समजतो. मी अभ्यासासाठी नेमके हेच प्रकरण निवडले, कारण येथे नवखे कोणीच नव्हते. हिल यांचा जन्म १९६१ चा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियात कातळावर चढायला सुरुवात केली. जिम्नॅस्टिक्समध्ये घडलेले शरीर आणि तिथल्याच योसेमिटी खोऱ्यातल्या ग्रॅनाइटवर घासून तयार झालेले तंत्र अशी दुहेरी शिदोरी त्यांच्याजवळ होती. १९८९ पर्यंत त्या जगातल्या आघाडीच्या स्पर्धक आरोहकांपैकी एक होत्या. प्रोव्हान्समधील ल्युबेरॉन डोंगरांच्या कुशीतले ब्यूक्स हे त्या दशकात बोल्ट ठोकलेल्या कठीण मार्गांमुळे जगभरच्या आरोहकांची पंढरी बनले होते. दोर सांभाळायला खाली त्यांचे पती होते आणि तेही अनुभवी आरोहक होते. कातळ सुटला नाही, बोल्ट उपटला नाही, दोर तुटला नाही, हवामानही आड आले नाही. अपघाताचे कारण म्हणून दाखवता येईल असे एकही साधन निकामी झाले नव्हते, आणि म्हणूनच या घटनेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जमिनीवरची दोन मिनिटे

हिल यांनी स्वतः नंतर सांगितलेल्या हकिगतीतून घटनाक्रम बराच स्पष्ट होतो. त्यांनी दोराचे टोक हार्नेसमधून ओवले. गाठ पूर्ण करण्याआधी त्या बूट घालण्याकडे वळल्या, त्याच सुमारास तेथे असलेल्या एका जपानी महिलेशी त्यांचे बोलणे झाले, आणि बूट घालून झाल्यावर त्या थेट कातळाकडे गेल्या. अंगात जॅकेट होते आणि त्याच्या घेराने हार्नेसचा पुढचा भाग झाकला होता. चढायला लागताना आपले काहीतरी करायचे राहिले आहे असा एक विचार त्यांच्या मनाला शिवून गेला. जॅकेट काढायचे राहिले असावे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि तो विचार बाजूला सारला.

हा शेवटचा तपशील मी पुन्हा पुन्हा वाचतो. स्मृतीने त्यांना पूर्णपणे दगा दिला नव्हता. काहीतरी अपुरे आहे ही जाणीव शाबूत होती, फक्त काय अपुरे आहे ते तिला सांगता आले नाही. मनाने समोर दिसणारे सर्वात जवळचे उत्तर उचलले आणि प्रश्न मिटल्यासारखे झाले. आपल्यापैकी ज्याने घराला कुलूप लावल्यावर जिन्यात थांबून 'काहीतरी राहिले' असे म्हटले आहे, आणि छत्री आठवल्यावर समाधानाने पुढे जाऊन गॅस मात्र चालूच ठेवला आहे, त्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. जमिनीवर या चुकीची किंमत किरकोळ असते. कातळाच्या पायथ्याशी मात्र अशी जाणीव झाली, तर तिचे उत्तर मनात न शोधता हाताने आणि डोळ्याने शोधावे लागते. थांबून जॅकेट वर करून गाठ पाहिली असती, तर तो विचार नेमका कशाबद्दल होता हे दोन सेकंदांत कळले असते.

ओवलेला दोर आणि बांधलेला दोर

गाठ नसतानाही हिल माथ्यापर्यंत कशा पोहोचल्या, हा प्रश्न हे प्रकरण ऐकणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर दोराच्या कामात आहे. आधुनिक मुक्त आरोहणात आरोहक हातापायांच्या बळावर चढतो आणि दोर केवळ पडल्यास झेलण्यासाठी असतो. चढत असेपर्यंत दोरावर त्याच्या शरीराचा भार नसतो. बिले देणारा, म्हणजे खाली उभा राहून दोर सांभाळणारा जोडीदार, दोर हलका ठेवतो, ओढून धरत नाही, कारण ताणलेला दोर आरोहकाचा तोल बिघडवतो. दोराचे स्वतःचे वजन मीटरमागे साधारण साठ ते सत्तर ग्रॅम असते. एवढीशी ओढ हार्नेसच्या नायलॉनच्या पट्ट्यांतून वळून गेलेल्या दोराच्या घर्षणाला सहज पेलते, विशेषतः खाली लोंबणारे टोक लांब असेल तर. म्हणजे चढाईचा सगळा वेळ गाठ नसलेला दोर आणि गाठ असलेला दोर सारखेच वागतात. फरक पहिल्यांदा उघड होतो तो मागे रेलताना, जेव्हा पूर्ण शरीराचा भार एका क्षणात दोरावर जातो. त्या क्षणी आरोहकाने कातळ सोडलेला असतो आणि तो सर्वात जास्त उंचीवर असतो. या प्रकारच्या चुकीचा खरा भयंकरपणा येथे आहे : ती सर्वात सुरक्षित जागी, म्हणजे जमिनीवर, घडते आणि सर्वात धोकादायक जागी प्रकट होते.

हिल वाटेत कोठे पडल्या असत्या किंवा विसाव्यासाठी दोरावर बसल्या असत्या, तर कदाचित कमी उंचीवर हे उघड झाले असते. पण मार्ग त्यांच्यासाठी सोपा होता, त्यामुळे दोरावर बसण्याची वेळच आली नाही. त्यांचे कौशल्यच त्यांना सर्वात वरपर्यंत घेऊन गेले.

आता गाठीकडे वळू. हार्नेसला दोर बांधण्यासाठी आज जवळजवळ सर्वत्र शिकवली जाते ती फिगर एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ, आणि तीही माग काढत दुहेरी केलेली. दोराच्या टोकापासून सुमारे दोन हात, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर अंतरावर प्रथम एकेरी आठ बांधतात. मग मोकळे टोक हार्नेसच्या दोन्ही बांधणीच्या जागांतून नेतात. मांड्यांच्या पट्ट्यांना जोडणारी एक आणि कमरेच्या पट्ट्यावरची दुसरी, म्हणजे ज्या दोन जागांमधून बिले लूप, हार्नेसच्या पुढचा पट्टीचा पक्का फास, जातो त्याच दोन. त्यानंतर टोकाने पहिल्या आठाचा माग शेवटपर्यंत काढायचा, एकही वळण न चुकवता, पीळ न पाडता. गाठ पूर्ण झाल्यावर तिच्यात दोराच्या पाच समांतर जोड्या दिसल्या पाहिजेत. उरलेले शेपूट दोराच्या जाडीच्या किमान दहापट असावे, म्हणजे दहा मिलिमीटरच्या दोराला दहा सेंटिमीटर. प्रत्यक्षात वीतभर शेपूट ठेवण्याची सवय उत्तम. हार्नेसभोवतीचा फास मुठीएवढा लहान ठेवावा, गाठीतून निघणारी चारही टोके एकेक करून ओढून ती घट्ट करावी. अशी गाठ दोराची साधारण तीन चतुर्थांशांहून अधिक ताकद राखते आणि भाराखाली सुटत नाही. भार आल्यावर ती आवळून बसते आणि नंतर सोडवताना बोटे दुखतात, ही तिच्याविषयीची एकमेव मोठी तक्रार, आणि जीव टांगायच्या गाठीविषयी ही तक्रार मला कधीच गंभीर वाटली नाही.

या गाठीचा मोठा गुण म्हणजे ती दुरून वाचता येते. पाच जोड्या मोजता येतात. बोलाइनची गाठ भार काढल्यावर सहज सुटते म्हणून कठीण मार्गांवर वारंवार पडणाऱ्या आरोहकांना ती आवडते, पण तिचे अनेक प्रकार आहेत, बरोबर बांधलेली आणि चुकीची बांधलेली यांतला फरक नजरेला पटकन कळत नाही, आणि सैल राहिल्यास ती हलण्याने ढिली होऊ शकते. हार्नेस येण्यापूर्वीच्या पिढीने कमरेला थेट दोर गुंडाळून बोलाइननेच कडे सर केले, हे खरे. पण ज्या गाठीची तपासणी जोडीदार करू शकत नाही, ती गाठ आपण एकट्याच्या भरवशावर बांधतो, एवढे भान ठेवून ती वापरावी.

फिगर एटमध्येही एक सापळा आहे आणि तो या प्रकरणाला अगदी लागून आहे. चढून खाली आल्यावर अनेक जण दुहेरी माग सोडवतात, पण एकेरी आठ दोरातच ठेवतात, पुढच्या वेळी वेळ वाचावा म्हणून. आता दुसऱ्या आरोहकाने टोक हार्नेसमधून ओवले आणि माग काढायचा राहिला, तर त्याच्या पोटासमोर एक आठ दिसत राहतो. हा आठ दोराच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे भार आल्यावर तो वर निघून जातो आणि मोकळे टोक हार्नेसमधून सुटून येते. ही एकेरी गाठ काहीही अडवत नाही, पण डोळ्याला मात्र 'गाठ आहे' असे सांगते. मी ज्या संघाबरोबर चढतो तेथे आम्ही उतरल्यावर दोर पूर्ण मोकळा करतो. पाच सेकंद जास्त जातात, पण न बांधलेला दोर न बांधलेलाच दिसतो.

सवयीचे हात आणि मधली अडचण

हिल यांनी ही गाठ चौदा वर्षांत किती हजार वेळा बांधली असेल, याचा हिशेब त्यांनाही देता आला नसता. इतक्या आवृत्तींनंतर क्रिया हातांत उतरते. मन तिकडे नसले तरी हात ती पार पाडतात, आणि म्हणूनच तज्ज्ञ माणूस बोलता बोलता गाठ मारू शकतो. पण हातांची ही स्मृती सलग असते. ती मध्ये तोडली की कोठे थांबलो होतो याची नोंद ती ठेवत नाही. दोर ओवला, मग बूट घातले, मग कातळ : या ओळीत गाठीची जागा बुटांनी घेतली. बूट घालून झाल्यावर 'तयारी झाली' ही भावना मनात आली, कारण एरवीही चढाईपूर्वीची शेवटची तयारी झाल्यावर हीच भावना येते. अनुभव जितका जास्त, तितकी ही भावना खात्रीची वाटते.

हे केवळ आरोहणाचे वैशिष्ट्य नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे नवे चार इंजिनांचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले, कारण जमिनीवर असताना वाऱ्याने नियंत्रणपृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेली कडी उघडायची राहिली होती. विमान एका निष्णात चाचणी वैमानिकाच्या हाती होते. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणपूर्व तपासणीची छापील यादी रूढ झाली, आणि आज कितीही तास उड्डाण केलेला वैमानिक ती वाचल्याशिवाय निघत नाही. या यादीमुळे कोणी वैमानिकाच्या कौशल्यावर शंका घेतली असे मानत नाही. आरोहणात मात्र अजूनही तसे मानणारे भेटतात.

अर्धवट राहिलेल्या क्रियेचा हा स्वभाव पाहिला, तर 'नीट लक्ष द्या' हा उपदेश पुरेसा नाही, असे माझे ठाम मत आहे. लक्ष विचलित होणारच. कोणी हाक मारेल, कोणी दोर अडकवायची क्विकड्रॉ मागेल, फोन वाजेल. नियम असा हवा की विचलित झाल्यावरही हानी होऊ नये. माझ्या दृष्टीने या प्रकरणातून निघणारा पहिला नियम क्रमाचा आहे : बूट, हेल्मेट, जॅकेट, पाणी, खडूची पिशवी, सगळे आधी, आणि दोर सर्वांत शेवटी. दोराचे टोक हातात घेतल्यापासून गाठ घट्ट होईपर्यंत दुसरे काहीही करायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, कोणी बोलले तर उत्तर द्यायचे नाही. आणि मध्येच थांबावे लागलेच, तर अर्धवट दोर तसाच ठेवू नये, तो हार्नेसमधून पूर्ण काढून खाली टाकावा. अर्धी गाठ ही मुळीच न बांधलेल्या गाठीपेक्षा घातक असते, कारण कमरेला काहीच नसेल तर ते कोणाच्याही नजरेला येईल, पण ओवलेला दोर बांधलेल्या दोरासारखा दिसतो. शून्यावर परत गेलेला आरोहक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि पहिल्यापासून सुरू केलेली सवयीची क्रिया शेवटापर्यंत जाते.

दोर सर्वांत शेवटी, पण त्याआधी अंगावरचे कपडे हार्नेसवरून बाजूला. हिल यांच्या जॅकेटने केवळ त्यांच्याच नजरेआड गाठ ठेवली असे नाही, त्यांच्या जोडीदाराच्याही ठेवली. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सुळक्याच्या तळाशी वारा झोंबत असतो आणि विंडचीटर चढवूनच मंडळी कामाला लागतात. तो हार्नेसच्या आत खोचावा किंवा वर गुंडाळावा, हे आम्ही शिबिरात पहिल्याच दिवशी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावे लागते.

दुसऱ्याची नजर

बिले देणाऱ्याची तपासणी हे या चुकीवरचे सर्वांत भक्कम कवच आहे. या घटनेत ते का चालले नाही, यावर तर्क करणे सोपे असले तरी मी त्यांच्या पतींवर बोट ठेवणार नाही. दोघे अनुभवी होते, मार्ग सोपा होता, आणि वर्षानुवर्षांच्या जोडीदाराची गाठ तपासणे हे परक्याची तपासण्यापेक्षा अवघड असते. विश्वास वाढतो तसे पाहणे कमी होते. यात वाईट हेतू नसतो, प्रेमच असते, आणि म्हणून त्याविरुद्ध नियमच लागतो.

तपासणी आरोहकाचे पाय जमिनीवर असतानाच होऊ शकते. तो दोन-तीन मीटर वर गेला की खालून त्याच्या पोटापुढची गाठ दिसत नाही, फक्त तळवे आणि हार्नेसची मागची बाजू दिसते. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर उभे राहून, आवाज करून, बोट लावून तपासावे. बिले देणाऱ्याने आरोहकाची बकले पाहावी, दोर दोन्ही जागांतून गेला आहे का ते पाहावे, पाच जोड्या मोजाव्या, शेपूट पाहावे. आरोहकाने बिले साधनात दोर योग्य बाजूने गेला आहे आणि कॅरॅबिनरचा, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे हे पाहावे, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे हेही. यानंतर एक गोष्ट आणखी करावी, जी फार थोडे जण करतात : बिले देणाऱ्याने दोर आवळून धरावा आणि आरोहकाने गाठीच्या वरचा दोर दोन्ही हातांनी जोरात स्वतःपासून दूर, वरच्या दिशेला ओढावा. केवळ ओवलेला दोर या ओढीला तेथेच हार्नेसमधून सरकू लागतो. नजर चुकू शकते, कारण नजरेला जे अपेक्षित असते तेच दिसते. ओढ चुकत नाही.

हा नियम सांगणे सोपे आणि पाळवून घेणे अवघड का जाते, याचे एक कारण आपल्याकडे वेगळे आहे, आणि ते मी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये वडीलधारेपणाची एक उतरंड असते. जुना आरोहक हा दादा असतो, प्रशिक्षक हे सर असतात, अनुभवी मुलगी ताई असते. या नात्यांनी आपल्या संस्थांना माया दिली आहे आणि कैक मोहिमा या मायेवरच पार पडल्या आहेत. पण तीच नाती दादाच्या पोटापुढची गाठ हाताने चाचपायला नवख्या मुलाला धजावू देत नाहीत. सर चढायला निघाले की सगळे कौतुकाने कातळाकडे पाहतात, सरांच्या हार्नेसकडे कोणी पाहत नाही. नवख्याची गाठ चार जण तपासतात, आणि संघातल्या सर्वांत अनुभवी माणसाची गाठ एकही जण तपासत नाही. हिल यांचे प्रकरण अगदी याच जागेवर बोट ठेवते.

एका सराव शिबिरात मी हे प्रत्यक्ष पाहिले. पंधरा वर्षे चढणारा आमचा एक मित्र दोराची गुंडाळी सोडवता सोडवता विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देत होता. त्याने टोक ओवले, माग अर्धा काढला आणि कोणीतरी विचारलेल्या प्रश्नासाठी मागे वळला. बिले देणारी महाविद्यालयीन मुलगी काही क्षण गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, "दादा, तुमची गाठ बघू का?" तिच्या आवाजात क्षमायाचना होती. त्याने खाली पाहिले, गाठ सोडवली, पहिल्यापासून बांधली आणि तिच्यापुढे धरून पाच जोड्या तिलाच मोजायला लावल्या. त्या दिवसापासून त्या शिबिरात तपासणीची सुरुवात प्रशिक्षकांपासून होते.

कॅरॅबिनरचा पर्याय

गाठ मारायची विसरते, तर गाठच टाळावी, असा एक उपाय सुचवला जातो. दोराच्या टोकाला आधीच दुहेरी फिगर एटचा फास बांधून ठेवायचा आणि तो लॉकिंग कॅरॅबिनरने बिले लूपला अडकवायचा. कृत्रिम भिंतींवर वरून दोर असताना आणि आमच्याकडे सुळक्यावर संघातल्या मागच्या लोकांना वर घेताना हे सर्रास केले जाते, आणि वीस जणांना एका दिवसात वर न्यायचे असेल तर त्याला पर्यायही नसतो. अर्धवट गाठीचा धोका यात खरोखर कमी होतो, कारण गाठ एकदाच बांधली जाते आणि दिवसभर दिसत राहते. पण विसरण्याची जागा नाहीशी होत नाही, ती स्क्रूमध्ये जाते. उघडा राहिलेला स्क्रू ही अर्ध्या गाठीची सख्खी बहीण आहे. शिवाय कॅरॅबिनर आडवा फिरून त्याच्या कमकुवत बाजूवर भार येऊ शकतो, म्हणून जेथे हा मार्ग वापरायचा तेथे दोन कॅरॅबिनर विरुद्ध दिशांनी तोंडे करून लावावेत. पुढे राहून चढणाऱ्याने मात्र दोर थेट हार्नेसलाच बांधावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेपटाच्या उरलेल्या भागाने फिगर एटच्या वर आणखी एक राखीव गाठ मारावी की नाही, यावर मतभेद आहेत. नीट आवळलेल्या आणि वीतभर शेपूट असलेल्या फिगर एटला तिची गरज नसते. तरीही नवख्यांना ती मारायला सांगण्यात एक फायदा मी अनुभवला आहे : राखीव गाठीसाठी शेपूट पुरेसे लांब ठेवावे लागते, आणि ती मारताना मुख्य गाठ पुन्हा एकदा नजरेखालून जाते. मात्र राखीव गाठ पाहून मुख्य गाठ पाहिली असे समजणे, ही त्यातली मेख आहे.

त्यानंतर

हिल त्याच वर्षी पुन्हा स्पर्धांमध्ये उतरल्या. १९९० मध्ये त्यांनी फ्रान्समधील सिमाई येथे ८बी-प्लस या अतिशय कठीण श्रेणीचा मार्ग चढला. त्या श्रेणीचा मार्ग चढणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९९३ मध्ये योसेमिटीतील एल कॅपिटन या कड्यावरचा नोज हा जवळजवळ ९०० मीटर उंचीचा मार्ग त्यांनी कृत्रिम आधारांवर भार न टाकता, मुक्तपणे चढला. तो तसा आधी कोणीही, पुरुषानेही, चढला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्यांनी तो चोवीस तासांच्या आत पुन्हा मुक्त चढला. ब्यूक्सच्या त्या सकाळी झाड नसते, तर आरोहणाच्या इतिहासातले हे पान लिहिले गेले नसते, आणि ते केवळ एक मीटरभर दोर दुमडायचा राहिल्यामुळे.

ही चूक एका व्यक्तीपुरती नव्हती, याचा पुरावा पुढे मिळाला. हिल यांचे जुने सहआरोहक जॉन लाँग यांनी १९७५ मध्ये दोन साथीदारांसह तोच नोज पहिल्यांदा एका दिवसात चढला होता. दोर आणि अँकर, म्हणजे दोर अडकवायचे कातळावरचे पक्के आधार, यांवरील त्यांची माहितीपुस्तके वाचून आरोहकांच्या पिढ्या शिकल्या आहेत. २०१२ मध्ये एका बंदिस्त भिंतीवर त्यांची बोलाइनची गाठ अर्धवट राहिली. ते पडले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडून बाहेर आले. दोर बांधण्याचे शास्त्र इतरांना शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडले, तेही गाद्या टाकलेल्या, दिवे लावलेल्या, वारा नसलेल्या जागी. कातळाची भीती जितकी कमी, तितकी तपासणी ढिली.

वर पोहोचल्यावरही एक संधी उरते, आणि हिल यांच्या प्रकरणाचा अभ्यास करताना मला तिचे महत्त्व सर्वाधिक पटले. माथ्यावरच्या अँकरपाशी आल्यावर मागे रेलण्यापूर्वी एक हात अँकरवर किंवा कातळावर घट्ट ठेवावा, दुसऱ्या हाताने जॅकेट वर करून गाठ पाहावी, बिले देणाऱ्याला दोर ताणायला सांगावा, आणि कातळ न सोडता कंबर हळूच खाली देत भार दोराकडे न्यावा. दोराने तो घेतला आहे हे कमरेला जाणवल्याशिवाय हात सोडू नये. यात तीन-चार सेकंद जातात. गाठ नसेल, तर या तीन-चार सेकंदांत दोर सरकताना दिसतो आणि आरोहकाचा हात अजून अँकरवरच असतो.

आमच्या शिबिरात आता प्रशिक्षक स्वतः चढायला निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या सर्वांत नव्या मुलासमोर जाऊन उभा राहतो, जॅकेट वर करतो, दोर दोन्ही हातांनी ताणून धरतो, आणि तो मुलगा पाच जोड्या मोठ्याने मोजेपर्यंत कातळाला हात लावत नाही.